वीस सेकंद लागतात, म्हणून मॉडेल बदलू नका

टॉवेलचा फोटो टाकला की तुमचं ॲप एआयकडून वर्णन लिहून घेतं. त्याला पंधरा-वीस सेकंद लागतात, तोवर व्यापारी बटण तीन-चारदा दाबतात नाहीतर ॲपच बंद करतात. म्हणून महागडं मॉडेल घ्यावं का, असं विचारलंय. आत्ताच पैसे घालू नका.

ॲप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे जाणकार याकोब नील्सन यांनी १९९३ सालीच सांगून ठेवलंय, १० सेकंदांच्या पुढे माणसाचं लक्ष दुसरीकडे जातं. त्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेजारी लूम खडखडतोय, दारात टेम्पो लागलाय. नुसतं फिरणारं चक्र कोण बघत बसणार?

बटण दाबताक्षणी ते बंद करा आणि प्रत्येक विनंतीला आपला एक क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवं काम सुरूच करायचं नाही. नाहीतर चार दाबण्यांचं चौपट बिल तुम्हीच भरणार.

मग स्ट्रीमिंग, म्हणजे उत्तर तयार होईल तसतसं दाखवत जाणं. मॉडेल उत्तर टोकन-टोकन (शब्दांचे छोटे तुकडे) करत लिहितं, ते शेवटपर्यंत अडवून कशाला ठेवायचं? फक्त एक बघा. आपल्या लॅपटॉपवर शब्द सरसर येतात आणि सर्व्हरवर चढवलं की सगळा मजकूर एकदम आदळतो, असं झालं तर बहुतेक वेळा मध्ये बसलेलं एनजिनएक्स (फोन आणि तुमच्या ॲपचा सर्व्हर यांच्यातला मध्यस्थ प्रोग्राम) उत्तर साठवून ठेवत असतं. त्या रूटपुरतं (वर्णन मागणाऱ्या पत्त्यापुरतं) हे साठवणं, म्हणजे प्रॉक्सी बफरिंग, बंद करा.

खरा वेळ लिहिण्यात जातो. त्यात बहुतेक मॉडेलांना तोच मजकूर इंग्रजीपेक्षा मराठीत लिहायला जास्त टोकन लागतात, म्हणजे आणखी उशीर. साइज, जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरचं वजन), रंग व्यापाऱ्याने फॉर्ममध्ये भरलेलेच असतात की! ते तिथूनच घ्या, मॉडेलकडून चारच ओळी मागा. फोटोही फोनवरच लहान करून पाठवा.

खोटी टक्केवारी मात्र नको. ९९ वर अडकलेली पट्टी लोकांनी बँकेच्या साइटवर पुष्कळ पाहिलीय. 'फोटो पोहोचला', 'वर्णन लिहितोय' एवढं खरंखुरं सांगा, सोबत 'थांबवा' बटण द्या. अख्खा कॅटलॉग असेल तर माणसाला बसवूच नका. ॲप बंद केलं तरी काम मागे चालू राहू दे, झालं की नोटिफिकेशन.

यानंतर दोनच गोष्टी मोजा: पहिला शब्द दिसायला लागलेला वेळ, आणि मध्येच सोडून जाणारे किती. तरीही लोक पळत असतील तर आकडे इथे टाका, मग मॉडेलचं बघू.