सर्वसामान्य लोकांच्या जीवनमानाचं सर्वेक्षण करताना लैंगिक आरोग्याचे प्रश्न घ्यावेत का?

घ्या. पण ते कुठे आणि कोणासमोर विचारणार, हे आधी ठरवा. प्रश्नावली कोणती, ते नंतर.

तुम्ही लिहिलंय की लालबाग-परळच्या चाळींत काम आहे आणि संशोधनाचे गाईड म्हणतात, 'ते प्रश्न गाळा, लोक चिडतात.' चिडत नाहीत हो, गोड बोलून वाटेला लावतात. अशा सर्वेक्षणांसाठी मी घरोघर फिरलोय. एकच खोली, सासूबाई कॉटवर मेथी निवडतायत, दार सताड उघडं, आणि आपण सुनेला विचारतोय, 'गेल्या दोन आठवड्यांत लैंगिक जीवनाबाबत किती समाधानी होता?' ती कुकरवरची नजर न काढता म्हणते, 'चार लिहा ना. मघाच्यालाही चारच लिहिलंत.' रकाना भरला, पण काय मोजलं?

हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या २६ प्रश्नांच्या 'ब्रेफ' प्रश्नावलीतला. त्यात सामाजिक संबंधांचा भाग अवघ्या तीन प्रश्नांचा: नातेसंबंध, लैंगिक जीवन, मित्रमंडळींचा आधार. यातला मधला गाळलात तर तो भागच लंगडा होतो. एसएफ-३६ आणि ईक्यू-५डी या जीवनमान मोजणाऱ्या दुसऱ्या दोन प्रश्नावल्यांत लैंगिक जीवनावर थेट प्रश्नच नाही, त्यामुळे गाईडना त्या सोयीच्या वाटतील!

उलट टोकाला जाऊन बायकांसाठी १९ प्रश्नांची एफएसएफआय किंवा पुरुषांसाठी १५ प्रश्नांची आयआयईएफ या लैंगिक तक्रारी मोजणाऱ्या प्रश्नावल्या सरसकट वाटू नका. आयआयईएफ सिल्डेनाफिलच्या (म्हणजे व्हायग्राच्या) चाचण्यांसोबत घडलेली. दोन्ही दवाखान्यातल्या वापराच्या. दोन्ही मागच्या चार आठवड्यांचं विचारतात आणि 'संबंध आला नाही' याला बऱ्याच प्रश्नांत शून्य गुण आहे. नवरा बोटीवर असलेली बाई एफएसएफआयच्या २६.५५ या सीमारेषेच्या आपोआप खाली जाते आणि तुमच्या तक्त्यात 'विकारग्रस्त' ठरते. बायको गावी ठेवून इथे गाळ्यावर राहणाऱ्या माणसाचंही तेच. त्यांना आधी वेगळं काढा.

ब्रिटनमधल्या लैंगिक जीवनावरच्या 'नॅटसल' सर्वेक्षणाच्या २०१०-१२ च्या फेरीत १५,१६२ लोक होते. नाजूक प्रश्न आले की संगणक त्यांच्याकडे फिरवायचा, उत्तरं त्यांची त्यांनी भरायची. आपल्याकडे देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था ज्याचं काम बघते त्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कौटुंबिक हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात, तेही एकांत मिळाला तरच. नाहीतर तो भाग सोडून देतात. हा नियम उचला. चाळीत एकांत मिळणं कठीण, म्हणून महिला मंडळाची खोली किंवा दुपारची बालवाडी मागून घ्या. वाचता येत नसेल त्यांच्यासाठी टॅबवर मराठीत रेकॉर्ड केलेले प्रश्न आणि हेडफोन. बाईला बाईनेच विचारायचं, हे वेगळं सांगायला नको.

कोरी सोडलेली उत्तरं वय आणि स्त्री-पुरुष यांनुसार वेगळी मोजा, सरासरीने बुजवू नका. आणि केईएम, नायर, सायनच्या ओपीडीचे वार-वेळा छापलेली चिठ्ठी सगळ्यांनाच द्या. फॉर्म भरून झाल्यावर कोणीतरी जिन्यापर्यंत मागे येतंच, 'ताई, एक विचारायचं होतं' म्हणत.