वाचक विचारतात: दाढीचा साबण स्वस्तातला पण चांगला कुठला?

मागच्या अंकात सेफ्टी रेझर आणि पात्यांवर लिहिलं, त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्मी साबणाबद्दलच आहेत, म्हणून या वेळी सगळी जागा साबणालाच देतोय.

प्रश्न (लातूरहून एक वाचक): दिवाळीत सेफ्टी रेझर आणि ब्रश घेतला. व्हिडिओ बघून बाहेरच्या देशातल्या साबणाची दीडशे ग्रॅमची डबी मागवली, हजार रुपये गेले. पण फेस नीट होतच नाही, झालाच तर दोन मिनिटांत गालावर वाळून जातो आणि ब्लेड खरखरतं. साबण डुप्लिकेट असेल का? आणि यापेक्षा स्वस्तात चांगला काही मिळेल का?

उत्तर: दादा, आधी ती डबी फेकू नका. तुम्ही लातूरचे, आणि पत्रात खाली लिहिलंय की घरी बोअरचं पाणी येतं, त्यामुळे माझा पहिला संशय पाण्यावर आहे, साबणावर नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं आणि ते साबणाशी भांडतं, म्हणजे फेस व्हायच्या आधीच साबणाचा बराचसा भाग त्या क्षारांशी जुळून चिकट पांढरा चोथा होतो, बादलीच्या काठाला जो थर बसतो ना तोच. उरलेल्या साबणाचा जो काय फेस होतो तो पातळ, फुगलेला आणि लगेच मरणारा. हजाराची डबी असो की पन्नासची, पाणी जड असलं की दोन्हीचं हेच होणार.

आजच करून बघा. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी अर्धं, दुसरीत आरओचं किंवा प्यायचं फिल्टरचं अर्धं, दोन्हीत साबणाचा नखाएवढा तुकडा टाका आणि दहा-पंधरा वेळा जोरात हलवा. आरओच्या बाटलीत वर घट्ट फेस उभा राहिला आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ दिसलं, आणि बोअरच्या बाटलीत पाणी दुधाळ होऊन वर फेसाची नुसती रेघ आली, तर उत्तर मिळालं. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, तेव्हा तिथल्या माणसाला पाणी जपून वापरायला मी सांगायची गरज नाही, पण दाढीच्या फेसाला पाणी लागतं किती तर जेमतेम अर्धा पेला. तेवढं प्यायच्या पाण्यातलं घ्या, ब्रश त्यातच भिजवा, फेस त्यातच करा, तोंड धुवायला आणि रेझर खळबळायला बोअरचंच वापरा, काही बिघडत नाही. आरओ नसेल तर पाणी खळखळून उकळा, गार होऊ द्या, तळाला पांढरं बसेल ते सोडून वरचं घ्या, त्याने जडपणा सगळा जात नाही पण कमी होतो. पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिल्या सरींचं सोडून नंतरचं पाणी धरून ठेवलं तर त्याच्यासारखं तर काहीच नाही.

आता फेस. बरेच जण इथे घाई करतात आणि दोष साबणाला देतात. ब्रश दोन मिनिटं भिजवायचा, मग नीट झटकायचा, ओलसर राहिला पाहिजे पण टपकायला नको. साबणावर तीस-चाळीस सेकंद गोल फिरवायचा, तोंडात म्हणा तीस आकडे, कारण दहा सेकंदांत ब्रशला साबण लागलेला नुसता दिसतो, पुरेसा लागलेला नसतो. मग वाटीत किंवा थेट गालावर फिरवत चार-चार थेंब पाणी द्यायचं. आधी चक्क्यासारखा घट्ट आणि मंद दिसेल, म्हणजे पाणी कमी, तुमचा गालावर वाळतो तो हाच. अजून थेंब द्या, फिरवत राहा, एका क्षणी त्याला चकाकी येते, ताज्या घोटलेल्या श्रीखंडासारखी, ब्रश उचलला की टोक वाकतं पण तुटत नाही, आणि बुडबुडे डोळ्याला दिसतच नाहीत. तिथे थांबायचं. ताकासारखा ओघळायला लागला तर पाणी जास्त झालं, पुन्हा ब्रश साबणावर फिरवून आणा. बोटाच्या चिमटीत घेऊन चोळून बघा, बोटं सरसर सरकली पाहिजेत, ब्लेडला हवी असते ती ही सरक, फेसाचा डोंगर नाही.

आता पैशाचं. मी हिशोब दुकानातल्या किमतीवर करत नाही, एका दाढीला किती पडलं त्यावर करतो, आणि हा हिशोब मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजून केलाय. तुर्कस्तानच्या आर्कोची ७५ ग्रॅमची कांडी, २८ दाढ्यांनंतर ५८ ग्रॅम भरली, म्हणजे दाढीला साधारण ०.६ ग्रॅम, म्हणजे एका कांडीत सव्वाशेच्या आसपास दाढ्या. मला ती ऑनलाइन दीडशेला मिळाली होती, तर झाला साधारण सव्वा रुपया. मग आपल्या किराणा दुकानातली सत्तर ग्रॅमची साधी देशी क्रीमची ट्यूब घेतली, सत्तर रुपयांची, बदामाएवढी क्रीम घेऊन दहा दाढ्यांना साडेबारा ग्रॅम गेली, छप्पन्न दाढ्या, पुन्हा सव्वा रुपयाच! मी दोनदा मोजलं. म्हणजे ज्याला निव्वळ काटकसर करायचीय त्याने इंपोर्टेड साबणाच्या मागे धावायची काहीच गरज नाही, गोदरेज, पार्क अव्हेन्यू, ओल्ड स्पाइस, व्हीआय-जॉन यांच्या ब्रशने करायच्या साध्या क्रीममध्ये काम उत्तम होतं, फक्त वर सांगितलं तसा फेस करा, बोटाने फासू नका. आणि तुमची हजाराची डबी? दीडशे ग्रॅम म्हणजे अडीचशे दाढ्या, दाढीला चार रुपये. महाग आहे पण घेतलीच आहे तर संपेपर्यंत आनंदाने वापरा. खरे पैसे जातात ते एक डबी अर्धी असताना दुसरी मागवण्यात, हे मात्र कळकळीने सांगतो.

खरेदी करताना दोन गोष्टी बघा. पाकिटावर हल्ली एका ग्रॅमची किंमत छापलेली असते, ती वाचा, "२० टक्के एक्स्ट्रा"वर जाऊ नका. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा जुन्या छापील किमतीचा माल कोणी पुढे केला तर विचारा.

प्रश्न (जळगावहून): अंघोळीचाच साबण ब्रशने फेसला तर? सगळ्यात स्वस्त तोच ना?

उत्तर: स्वस्त आहे पण चालत नाही. दोन्ही साबणच, फरक आत आहे. अंघोळीची वडी कॉस्टिक सोड्याची म्हणजे सोडियमची असते, भसकन फेस येतो आणि विरतो, कारण अंगावरून धुऊनच टाकायचा असतो. दाढीच्या साबणात पोटॅशियमचा वाटा असतो, त्यामुळे तो मऊ राहतो आणि पाण्यात पटकन मिसळतो, आणि स्टिअरिक ॲसिड भरपूर असतं, त्यामुळे फेस बारीक, जड आणि टिकाऊ होतो. केस ओला राहिला पाहिजे दोन-तीन मिनिटं, ओला केस मऊ पडतो आणि कोरडा केस ब्लेडला तारेसारखा लागतो, त्यासाठी पाणी धरून ठेवणारा फेस हवा. वडीवर दोन महिने काढले तर साबणाचे वाचलेले पैसे पात्यांवर जातील, वर गाल चरचरतील ते वेगळंच.

प्रश्न (सांगलीहून): आर्को स्वस्त आणि मस्त म्हणतात, पण त्यात प्राण्यांची चरबी असते असं कळलं. आमच्या घरी ते चालणार नाही. खरं आहे का?

उत्तर: खरं आहे, आणि विचारलंत ते बरं केलंत, कारण विकणारे हे सांगत नाहीत. पाकिटावरची घटकांची यादी वाचा, त्यात "टॅलोएट" हा शब्द दिसला, सोडियम टॅलोएट किंवा पोटॅशियम टॅलोएट, की ती गुरा-मेंढरांची चरबी. आर्कोत ती आहे. इटलीचा सेला, ज्याची न्हाव्यांसाठी अख्खी किलोची वीट मिळते आणि बदामासारखा वास येतो, त्यातही आहे. जुन्या युरोपियन साबणांत ही चरबी सर्रास असायची कारण तिने फेसाला अंग येतं. "पामेट" किंवा "कोकोएट" म्हणजे पामतेल आणि खोबरेल, ते शाकाहारी. स्टिअरिक ॲसिड मात्र दोन्हीकडून येऊ शकतं, तेव्हा आपल्या देशी पाकिटावर हिरवा ठिपका आहे का बघा, तो असेल तर निश्चिंत घ्या. आपल्याकडे हा विचार नवा नाही हो, गोदरेजनी शंभरेक वर्षांपूर्वी "चावी" साबण काढला तो वनस्पती तेलाचा होता, याच कारणासाठी लोकांनी तो घरात घेतला. शाकाहारी साबणाचा फेस कमी प्रतीचा होतो असं मला कधीच वाटलं नाही.

ज्यांना आर्को चालतो त्यांच्यासाठी एवढंच, वास उग्र आहे, लिंबू-सिट्रोनेलासारखा, कागद काढून आठवडाभर कपाटाबाहेर ठेवा, निम्मा उतरतो. कांडी थेट ओल्या गालावर केसांच्या उलट्या दिशेने घासायची आणि मग ब्रश. नाहीतर जुन्या किसणीवर किसून (ती किसणी परत स्वयंपाकघरात नेऊ नका) स्टीलच्या वाटीत अंगठ्याने दाबून बसवा, झाली तुमची डबी.

प्रश्न (लंडनहून एक विद्यार्थी): इथे जेलचे डबे परवडत नाहीत. बाबा ब्रशने करायचे तसं सुरू करायचंय. काय घेऊ?

उत्तर: तुला अरे-तुरे करतो, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. लंडनचं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं आणि चांगलंच जड असतं, किटलीच्या तळाला पांढरा थर बसलेला बघितला असशील, म्हणून लातूरच्या दादांना लिहिलेलं पाण्याचं सगळं तुलाही लागू आहे. चरबीचं वावडं नसेल तर तुर्की किराणा दुकानांत आर्कोची कांडी शोध, तुर्की लोक घरी तोच वापरतात, फॅन्सी दुकानात जायचं कारणच नाही. नाहीतर केमिस्टकडे पामोलिव्ह किंवा इरॅस्मिकची कांडी विचार. कांडीच घे, वाटी लागत नाही, सामायिक बाथरूममध्ये खिशातून नेता येते. ब्रश सिंथेटिक घे, स्वस्त, लवकर वाळतो, आणि तुमच्याकडच्या दमट खोलीत त्याला वास धरत नाही. नव्याने शिकताना पहिले पंधरा दिवस फक्त केसांच्या दिशेने दाढी कर, उलटी नको.

प्रश्न (नाशिकहून एक ताई): माझे वडील ७८ वर्षांचे. आयुष्यभर वाटीतला गोल साबण वापरला, आता आमच्या दुकानदाराकडे तो मिळत नाही आणि फोमचा डबा त्यांना आवडत नाही. हात थरथरतो म्हणून दाढी मीच करते. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. गोल वडी किराणा दुकानात आता क्वचित दिसते, पण सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा, कात्र्या-खुर्च्या-टॉवेल विकतात ती दुकानं, जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी एखादं असतंच, आणि तिथला माणूस "गोल साबण" म्हटलं की लगेच समजतो. दोन-तीन वड्या एकदम घ्या, कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतात. नाहीच मिळाली तर वर सांगितलं तशी कांडी किसून त्यांच्याच जुन्या वाटीत बसवा, घरात चरबी चालत नसेल तर सांगलीकरांना सांगितलं ते बघून घ्या. ऑनलाइन मागवलीत तर विकणारा कोण आहे ते नीट बघा, मला एकदा एका दुकानाने सील तुटलेली, वापरलेली डबी नवी म्हणून पाठवली होती आणि पैसे परत मिळवायला महिना गेला.

ते रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना विचारा, बहुतेक ते इलेक्ट्रिक ट्रिमर सांगतील, आणि तसं असेल तर ब्लेडचा हट्ट नको. एरवी सेफ्टी रेझर तुमच्या हातात नवीन असेल तर साधं दोन पात्यांचं कार्ट्रिज घ्या, फेस मात्र वाटीतलाच, कारण त्यांना हवंय ते तेच. तुरटी ओल्या गालावर हलकी फिरवून अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका, कुठे खरचटलं असेल तर रक्त थांबतं.

अंघोळीनंतर करा, केस आधीच मऊ झालेले असतात. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन मिनिटभर गालावर धरा. कातडी सैल असते म्हणून डाव्या हाताने कानाकडे ताणून धरा आणि रेझर आखूड-आखूड फिरवा, बोटभरापेक्षा लांब नाही. आणि ब्रश कानाजवळ आला की हळू, फेस कानात गेला की म्हातारी माणसं दचकतात, म्हणून तिथे ब्रशऐवजी बोटाने लावा.