मोडक्या जहाजावर हक्क कुणाचा?

जालना

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या जहाजांच्या ऑनलाइन खेळातलं साल्व्हेजिंग, म्हणजे फुटलेल्या जहाजाच्या सांगाड्यातून उपयोगी माल काढणं, बदलण्यासाठी तू लिहिलेला प्रस्ताव नीट वाचला. कल्पनेत जीव आहे, म्हणून आधी हेच सांगतो की पहिली चार पानं काढून टाक. त्यात नुसती नवी यंत्रं, नवे दिवे आणि नवे आवाज आहेत. खेळाडूला कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे मला थेट पाचव्या पानावर सापडलं: मोडक्या जहाजाचा झटपट चुरा करून थोडा माल घेऊन पळायचं, की जीव धोक्यात घालून तिथंच थांबायचं आणि अख्खे भाग सोडवायचे. तुझा खरा प्रस्ताव एवढाच आहे आणि तो चांगला आहे. त्याला पहिल्या परिच्छेदात आण.

साल्व्हेजिंग खेळात आलं २००६ साली. आजही साल्व्हेजर हे मॉड्यूल, म्हणजे जहाजावर बसवायचं यंत्र, चालू करायचं, फेरी पुरी व्हायची वाट बघायची आणि नशिबानं साथ दिली तर माल घ्यायचा, एवढंच त्याचं रूप आहे. कौशल्य वाढवलं की शक्यता वाढते, पण डोक्याला काम मिळत नाही. तुझी ही तक्रार रास्त आहे. मात्र या साध्या कामाभोवती एक फार हुशार नियम आहे, आणि त्याचा तू उल्लेखही केला नाहीस. सांगाड्यात उरलेला तयार माल मालकाचा असतो. खेळातल्या कायद्याच्या भागात दुसऱ्यानं तो उचलला तर तो ‘संशयित’ ठरतो, म्हणजे त्याच्यावर कुणीही हल्ला करू शकतो. सांगाडा मात्र कुणीही कापावा, त्यात गुन्हा नाही. दुसऱ्यांनी पाडलेले सांगाडे कापून नेणाऱ्या ‘निंजा साल्व्हेजरां’चा सगळा धंदा या फटीवर उभा आहे. आता तुझा खेळाडू एक सांगाडा निम्मा सोडवून बसलाय आणि दुसरा येऊन त्याच सांगाड्याचा चुरा करू लागला, तर? याचं उत्तर प्रस्तावात हवंच. माझं मत विचारशील तर सांगाड्याला कुलूप लावू नकोस. हक्काची ओढाताण राहू दे. तिच्यामुळंच लोक एकमेकांशी बोलतात, भांडतात, सौदे करतात.

दुसरी गोष्ट मालाची. साल्व्हेजमधून रिग, म्हणजे जहाजाची क्षमता वाढवणारे जोडभाग, बनतात. बहुतेक जहाजांवर रिग एकदा बसवली की परत सुटी मिळत नाही: काढली तर नष्ट, जहाज फुटलं तरी नष्ट. म्हणून साल्व्हेजची मागणी आटत नाही. तू ‘अख्खे भाग’ म्हणतोस, ते कुठं संपणार? जहाज फुटलं की त्यावरचं प्रत्येक मॉड्यूल वाचण्याची शक्यता साधारण निम्मी असते. जे नष्ट होतं त्यावर मॉड्यूल बनवणाऱ्या खेळाडूंचं पोट आहे. उद्या तुझ्या पद्धतीनं तेही वाचायला लागलं, तर पहिला दगड तेच मारतील, आणि त्यांचं चुकणार नाही. सोडवलेला भाग परत जहाजावर बसू नये. तो कशाच्या तरी बांधणीत खर्ची पडावा, असं लिही.

‘धोका’ या शीर्षकाखाली तू शंभरात दहा वेळा स्फोट असं ठरवलंस. हे मला पटत नाही. आपल्या जालन्यात सळईचे कारखाने भंगार वितळवतात. भट्टीत जाण्याआधी तो माल निवडणारा माणूस काय शोधतो, हे तुला माहीत असायला हवं. तो बंद सिलिंडर, दोन्ही तोंडं दाबलेला पाइप, पाणी साचलेला डबा बाजूला काढतो. असली वस्तू वितळलेल्या लोखंडात गेली की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तप्त धातू उसळून माणसांवर येतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारातून कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ निघाला आणि एका कामगाराचा जीव गेला. तिथं डोळ्यांना काही कळण्यासारखं नव्हतं. मोजणारं यंत्रच लागलं असतं. म्हणजे भंगारातला धोका ओळखता येतो, पण त्यासाठी नजर हवी किंवा यंत्र हवं. तुझ्या खेळातही तसंच कर. कोणत्या जातीचं जहाज होतं, त्यावर कोणती शस्त्रं होती, किती दारूगोळा शिल्लक असेल, हे ज्याला वाचता येतं तो वाचेल. फासे टाकून उडवलास तर खेळाडू चिडेल. न बघता कापलं म्हणून उडाला तर पुढच्या वेळी शिकून येईल.

मध्येच तू जो कापण्याचा छोटा खेळ सुचवलास, तो जपून. २०१३ च्या ओडिसी विस्तारात हॅकिंगचा छोटा खेळ आला, त्यासोबत माल अवकाशात उधळायचा आणि धावत टिपायचा, अशी सोय होती. मित्रांनी मिळून वेचावं, हा हेतू होता. लोक वैतागले आणि ती उधळण पुढं काढून टाकावी लागली. पहिल्यांदा गंमत वाटणारी गोष्ट पाचशेव्यांदा कशी वाटेल, हे तपासूनच लिही.

आणि लाईट गेली तर? हा प्रश्न आपल्या भागातल्या पोरानं विचारायचा नाही तर कुणी विचारायचा! जोडणी तुटली की, कुणी अडवून धरलं नसेल तर, जहाज आपोआप तिथून निघून जातं, पण निम्म्या सोडवलेल्या सांगाड्याचं काय? तो तसाच राहावा, आणि आधी सोडवलेले भाग तुझ्या जहाजातच असावेत, असं माझं म्हणणं. सर्व्हरचाही विचार कर. मोठ्या लढाईत खेळ वेळच मंद करतो, अगदी नेहमीच्या वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत. २०१४ च्या बी-आर५आरबीच्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, गेली. अशा ठिकाणी प्रत्येक सांगाड्याचे वीस भाग वेगळे मोजायला लावलेस, तर अभियंते तुझं पान तिथंच बंद करतील. भाग मोजायचे ते कुणी कापायला घेतल्यावरच, असं स्पष्ट लिही.

नव्या खेळाडूला विसरू नकोस. फ्रिगेट म्हणजे स्वस्त छोटं जहाज आणि एक साल्व्हेजर एवढ्यावर आज तो कमाई सुरू करतो. तुझ्या पद्धतीला महागडं जहाज लागत असेल, तर गरिबाची वाट बंद होते. हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. आधी मराठीत दोन पानं लिही, मग छोट्या वाक्यांत तिकडं ने. सोबत एक तक्ता जोड: तासभर चुरा केला तर किती, तासभर सोडवलं तर किती, जहाज गेलं तर किती बुडाले. आकडे गृहीत आहेत हेही तिथंच लिही.

तक्ता तयार झाला की रविवार सोडून कधीही ये. भंगाराच्या यार्डात माल उतरताना दाखवीन. चप्पल घालून येऊ नकोस, आत घेणार नाहीत.

तुझा,
काका