पावसाळ्यात इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर चरचरतो, काय करावं?
आधी अँप्लिफायर बंद करून त्याची स्पीकरला जाणारी वायर काढा, स्पीकरचा स्वतःचा विजेचा प्लग मात्र चालू ठेवा. तरीही चरचर येतेय? मग दोष स्पीकरमध्येच आहे, बहुधा पॅनेलमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागात. आतल्या पातळ पडद्यावर काही हजार व्होल्ट असतात, त्यामुळे तो धूळ ओढतो आणि दमट हवेत त्याच धुळीतून वीज झिरपते.

मार्टिनलोगन कंपनीच्या स्पीकरसारखं जाळीदार पॅनेल असेल तर प्लग काढून रात्रभर ठेवा, चार्ज उतरू द्या. सकाळी व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून जाळीवरून हलक्या हाताने फिरवा. ओलं फडकं अजिबात नको! क्वाड कंपनीच्या जुन्या स्पीकरला मात्र व्हॅक्यूम लावू नका, त्याचं धूळ अडवणारं आवरण फार नाजूक असतं.

ठिणगीसारखा टकटक आवाज आला तर लगेच बंद करून जाणकाराकडे न्या. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही झटका बसू शकतो.