खुर्चीचं प्रायश्चित्त

तिसऱ्या केमोनंतरच्या नवव्या दिवशी काका आमच्या रुग्णालयाच्या जिन्यात बसलेले सापडले. घामाघूम. एक हात कठड्याला, दुसऱ्यात मोबाइल. काकू खाली औषधांच्या रांगेत होत्या. त्यांना वाटलं, हे लिफ्टने वर गेले. मोबाइलवर पावलांचा आकडा होता ६,२४०. "दहा हजार करायची होती मॅडम," काका म्हणाले.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. काकांचं वय ५४, तालुक्याच्या कचेरीत २८ वर्षं कारकुनी. मानेला गाठ आली, दुखत नव्हती म्हणून दोन महिने अंगावर काढली. बायोप्सीत लिम्फोमा हा कॅन्सर निघाला. दर २१ दिवसांनी एक, अशा सहा केमो ठरल्या. भेटायला आलेल्या मेव्हण्याने कॉटपाशीच निकाल देऊन टाकला, "दाजी, तरी म्हणत होतो, जरा फिरत जा. बसून बसून झालं हे."

तेव्हापासून काका चोरून जिने चढत होते.

बसून काम केल्याने हा आजार होतो का, व्यायाम केला असता तर टळला असता का, हे मला सारखं विचारलं जातं. नवी होते तेव्हा मी म्हणायचे, "ते सोडा, पॉझिटिव्ह राहा." कुणी काही सोडत नाही. फक्त आपल्याला सांगायचं बंद करतात.

म्हणून काकांना सरळच सांगितलं. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. वाढतं वय, दुबळी पडलेली प्रतिकारशक्ती, एचआयव्ही किंवा एपस्टीन-बारसारखे विषाणू, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं यांनी धोका वाढतो. बऱ्याच जणांत मात्र एक असं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. व्यायामाचं म्हणाल, तर २०१६ साली अमेरिका आणि युरोपातल्या १४ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. फुरसतीत जास्त हालचाल करणाऱ्यांत २६ पैकी १३ प्रकारचे कॅन्सर कमी आढळले. मोठं आतडं, स्तन, यकृत त्या यादीत आहेत. लिम्फोमा नाही. त्यात थोडा कल दिसला, पण ठामपणे बोलावं इतका नाही.

"म्हणजे खुर्चीचा दोष नाही?"

"खुर्चीवर गुन्हा दाखल करण्याइतका पुरावा नाही." कचेरीची भाषा त्यांना लगेच पटली. पहिल्यांदाच हसले.

मग स्वतःच म्हणाले, "शेजारच्या कॉटवरचा तर मार्केट यार्डातला हमाल आहे. पन्नास किलोची पोती उचलतो. त्यालाही हेच." मी म्हटलं, एका हमालावरून काही ठरत नाही, तसं एका कारकुनावरूनही ठरत नाही. फुरसतीत कोणता व्यायाम करता, असं त्या हमालाला विचारलं तर तो हसेल. कामातली मेहनत वेगळी मोजावी लागते, आणि लिम्फोमाच्या बाबतीत त्या अभ्यासांचे निकालही एका बाजूला झुकत नाहीत.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन उतरलं होतं, पांढऱ्या पेशीही खाली होत्या. जिने बंद. हे ऐकून काकांचा चेहरा पडला, कारण आता करायला काही उरलं नाही असं त्यांना वाटलं. तेव्हा कॅनडातल्या अल्बर्टाचा अभ्यास सांगितला, २००९ सालचा. लिम्फोमाचे १२२ रुग्ण, त्यातल्या निम्म्यांकडून १२ आठवडे देखरेखीखाली सायकलिंग करून घेतलं. त्यांचा दमसास, रोजची कामं करायची क्षमता सुधारली आणि उपचारात काही अडथळा आला नाही. तेव्हा काका, चालायचं आहेच, पण थकवा आटोक्यात राहावा म्हणून. जुनी बाकी फेडायला नाही.

डॉक्टरांच्या परवानगीने ठरलं ते एवढंच: सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, सपाट जागेवर, काकूंच्या नजरेसमोर. ताप किंवा चक्कर आली तर थांबायचं आणि लगेच फोन करायचा.

चौथ्या केमोला दोघं आले. "अंगणात फेऱ्या मारतात," काकू म्हणाल्या, "मी पायरीवर गहू निवडत बसते. दहा मिनिटं झाली की ताटलीवर चमचा वाजवते."

"आणि मोबाइल?"

काकूंनी पिशवीवर थाप मारली.