निकाल तुम्ही लावला, तिने नाही

तुमची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, एमबीबीएस हुकलं. आता प्रोजेक्टमधल्या जंतू मारणाऱ्या पेप्टाइडने, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीने, जंतूंसोबत माणसाच्या रक्तातल्या लाल पेशीही फोडल्या. ‘तेही फसलं, तिसऱ्यांदा नीटला बसायला तुम्हीच तिला समजवा,’ असं तुम्ही लिहिता. एवढ्या लांब पत्रात तिला काय हवंय याची एक ओळही नाही. तिची लॅबची वही मात्र तुम्ही तिच्या नकळत चाळलीत. मला काळजी वाटते ती याची. मार्कांचं बघता येईल.

आणि वही चाळून निकालही चुकीचाच लावलात. नैसर्गिक पेप्टाइड फक्त जंतूंनाच मारतं, हा समज आधी सोडा. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन नैसर्गिकच आहे, २६ अमिनो आम्लांचं, आणि लाल पेशी सहज फोडतं. ही पेप्टाइडं बहुधा धनभारित असतात, म्हणून जिवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात. आपल्या पेशीच्या पटलाचा, म्हणजे आवरणाचा, बाहेरचा थर जवळपास उदासीन असतो, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल असतं, म्हणून आपली पेशी बरीचशी वाचते. पण मात्रा वाढली किंवा पेप्टाइडचा पाण्यापासून पळणारा भाग मोठा असला, की आपलंही पटल फाटतं. आपल्याच शरीरात तयार होणारं एलएल-३७ हे पेप्टाइड जंतू मारतं, पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं आणि सोरायसिस या त्वचारोगात आपल्याच डीएनएला चिकटून प्रतिकारशक्ती भडकवतं.

तेव्हा पेशी फुटल्या का हे विचारू नका; किती मात्रेला फुटल्या ते विचारा. जंतूंची वाढ मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅमला थांबली आणि निम्म्या लाल पेशी १२८ला फुटल्या, तर अंतर ३२ पट; पुढे काम करण्याजोगं. दोन्ही आकडे ८च्या आसपास आले, तर ते पेप्टाइड रक्तात सोडण्याच्या लायकीचं नाही. प्रोजेक्ट म्हणून हा निष्कर्षही चोख.

तिने तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. लाल पेशी बफरने, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने, तीनदा धुतल्या का? नाहीतर आधीच सुटलेलं हिमोग्लोबिन ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेला आकडा फुगवतं. नुसत्या बफरचा शून्य टक्के आणि सगळ्या पेशी फोडणाऱ्या ट्रायटन या डिटर्जंटचा शंभर टक्के कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, ठेवला होता का? प्लेट पॉलिस्टायरिनची असेल तर पेप्टाइड तिलाच चिकटतं आणि खरी मात्रा कमी पडते, पॉलिप्रोपिलीनची घ्यावी. शुद्धीकरणात उरलेलं टीएफए हे आम्ल पेशींना स्वतःच त्रास देतं. रक्त खरंच माणसाचं होतं की मेंढीचं? मेंढीच्या लाल पेशींच्या पटलातली मेदद्रव्यं वेगळी असतात, त्यांचा आकडा माणसाला लावता येत नाही. आणि माणसाचं असेल, तर नैतिकता समितीची परवानगी होती का? शिवाय लाल पेशीला केंद्रक नसतं, म्हणून केंद्रक असलेल्या पेशींवर, त्या जिवंत आहेत का हे दाखवणारी एमटीटी चाचणीही लागते.

एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम किंवा गॅट-बी, पुढे संशोधनासाठी नेट किंवा गेट या परीक्षा. रस्ता ठरलेला आहे.

तिला समजावण्याचं काम मी करणार नाही. नीट द्यायची की नाही, हे तिने मला लिहावं, सोबत मात्रांचा तक्ता आणि कंट्रोलचे आकडे जोडावेत. ते पत्र पाठवण्याआधी तुम्ही वाचायचं नाही.