काळं ऑईल आणि गळका कॉम्प्रेसर

प्रश्न: आर्वीजवळच्या गावात माझं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे हूक, पिना, बुश बनवतो. दोन लेथ, तीन पोरं. आता माल घेणारे विचारतात, काळ्या ऑईलचं काय करता, वीज किती जाळता? पर्यावरणाचे हे लाड आम्हाला परवडतात का?
— एक वर्कशॉपवाला, जि. वर्धा

उत्तर: भाऊ, तुमचा राग कळतो. मीही बावीस वर्षं लेथवर काढली. काळं ऑईल कोणी कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी मागून नेई, उरलेलं आम्ही मागच्या नालीत ओतायचो. एका पावसाळ्यात शेजारच्या विहिरीवर तवंग आला. शेजारची आजी महिनाभर बोलली नाही.

वापरून झालेलं हे काळं ऑईल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, अधिकृत प्रक्रियादारालाच द्यावं लागतं. पण तुमच्या वीस लिटरसाठी गाडी कोण पाठवणार? खरी गोम तिथेच. चार-पाच जणांनी ठरवून एकाच दिवशी गाडी बोलवा, ड्रम आपापले वेगळे. साठवणुकीची साधारण मुदत ९० दिवसांची, हे लक्षात ठेवा.

विजेचं म्हणाल तर सोलरच्या आधी हवेचा कॉम्प्रेसर बघा. रात्री टाकी भरून, लाइनचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून मोटर बंद करा, सकाळी दाबाचा काटा बघा; उतरला असेल तर हवा गळतेय. माझा ७ वरून २ वर उतरायचा. कारण एक चिरलेलं वायसर! तेवढ्यासाठी मोटर दिवसभर धापा टाकत होती.

माल घेणाऱ्यांना दाखवायला कागद हवा असेल तर केंद्राची २०२२ ची झेड (मालात दोष शून्य, पर्यावरणाला हानी शून्य) प्रमाणपत्राची योजना आहे. सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या खर्चात ८० टक्के सवलत मिळते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र आधी करा.